आधी सत्कार, मग चलान

दर दोन-तीन महिन्यांनी आपल्या मोबाइलवर एक व्हिडिओ येतो. कुठल्या तरी गावातल्या पोराने भंगारातून गाडी बनवलेली असते. खाली मजकूर ठरलेला: ‘देशी जुगाड’, ‘टॅलेंटला सलाम’, ‘इतका शेअर करा की थेट दिल्लीत पोचला पाहिजे’. दोन दिवस पोरगा हिरो. नगरसेवक शाल-श्रीफळ घेऊन पोचतात, आम्ही पत्रकार माईक घेऊन पोचतो. तिसऱ्या दिवशी कोणी तरी विचारतं, ‘पासिंग झाली का हिची?’ आणि गोष्ट तिथेच बसते.

आपल्या यवतमाळची बातमी राज्याच्या पानावर एरवी कशासाठी जाते, हे सांगायला नको. म्हणून अशी एखादी ‘पॉझिटिव्ह स्टोरी’ मिळाली की डेस्कवरून लगेच फोन येतो, ‘व्हिडिओ आहे का? पाठवा.’ वेल्डिंग कसं आहे, ब्रेक कुठल्या गाडीचा आहे, चेसिस कोणी तपासली, हे वीस वर्षांत मला एकदाही डेस्कवरून विचारलेलं नाही.

फुलसावंगी आठवत असेल. महागाव तालुक्यातला २४ वर्षांचा तो वेल्डर, ज्याने मारुती ८०० चं इंजिन लावून एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं होतं. दोन वर्षं खपला होता त्यावर. १५ ऑगस्टला गावासमोर दाखवायचं ठरलं होतं. त्याच्या चार-पाच दिवस आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि तो पंखा त्याच्या डोक्यात बसला. पोरगा गेला. दुसऱ्या दिवशी देशभर बातमी झाली, ‘यवतमाळच्या रँचोचा मृत्यू’. सिनेमातलं नाव कोणी तरी देऊन टाकलं आणि विषय भावनेवर गेला. तो मागचा पंखा कोणत्या पत्र्याचा होता, त्याची जोडणी कोणी जाणकार माणसाने एकदा तरी हाताने हलवून पाहिली होती का, हे विचारणारी बातमी माझ्या वाचनात आली नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावचा, एक कारागीर गाजला. किक मारून सुरू होणारी छोटी जीप त्याने घरी बनवली होती, साधारण साठ हजारांत. आनंद महिंद्रांनी व्हिडिओ टाकला, कौतुक केलं आणि सोबत हेही लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावरून थांबवतीलच. तेव्हा ती मला द्या आणि बदल्यात नवी बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. गोड गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण नीट बघा, त्या माणसाच्या गाडीला वाट मिळाली ती कायद्यातून नाही, एका उद्योगपतीच्या मोठ्या मनातून. प्रत्येक गावाच्या वाट्याला आनंद महिंद्रा येणार नाहीत. आपल्या वणीकडच्या तरुणाने दारं वर उघडणारी हायड्रोजनची गाडी उभी केली, तेव्हाही मोठ्या नेत्यांनी येऊन पाहिली, फोटो झाले, कौतुक झालं. कौतुकाची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की आपल्याच शहराजवळ एक जण दीड वर्षापासून स्पोर्ट्स कार बनवतोय. नाव, गाव, दुकान काहीच लिहीत नाही, कारण त्याने पहिल्याच भेटीत हात जोडले: “भाऊ, फोटो काढा, पाहा, सगळ्यायले सांगा का पाहून आलो म्हणून. पन पेपरात नका टाकू. आरटीओवाले येतीन अन् उचलून नेतीन.” ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फवारणीच्या पंपाचे स्टँड, गेट, ग्रील हा त्याचा धंदा. आयटीआयचा वेल्डर. वय तिशीच्या पुढे. त्याच्या काकांचं मत एका वाक्यात: “हे रोडवर चालनार नाही तं बनवतं कायले? ट्रॉल्या कर, चार पैसे येतीन.”

तो बनवतोय ती गाडी कुठली, हे सांगितलं पाहिजे, कारण त्यातच माझा मुद्दा आहे. जुनी इंग्रज गाडी आहे, लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरने १९५७ मध्ये बाजारात आणली. दोन माणसांची, उघडी, नाक लांब, चाकांवरचे मडगार्ड बाहेर आलेले. वजन पाचशे किलोच्या आत-बाहेर. त्या काळी इंग्लंडमध्ये तयार गाडी घेतली की खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर लागायचा नाही. म्हणून लोक खोक्यांत भाग घेऊन यायचे आणि घरच्या गॅरेजात गाडी जोडायचे. असं सांगतात की जोडणीचं पुस्तक दिलं तर करवाले पकडतील, म्हणून कंपनी ‘गाडी सुटी कशी करावी’ याचं पुस्तक द्यायची. गिऱ्हाइकाने ते शेवटापासून वाचायचं. १९७३ मध्ये लोटसने हक्क केटरहॅम या कंपनीला दिले आणि तिथे ती गाडी आजही बनते. जगभर जितक्या लोकांनी तिची नक्कल केली तितकी फार थोड्या गाड्यांची झाली असेल.

आणि ही नक्कल महाराष्ट्रातही झाली आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? अलिबागला चिंकारा मोटर्स नावाची छोटी कंपनी आहे. त्यांच्या ‘रोडस्टर १.८ एस’ या गाडीचा घाट सरळ लोटस सेव्हनचा. अंग फायबरचं. इंजिन इसुझुचं १.८ लिटरचं, जे हिंदुस्थान मोटर्स आपल्या अँबॅसिडरमध्ये टाकत होती. म्हणजे कलेक्टर साहेबांच्या पांढऱ्या गाडीचं इंजिन आणि इंग्लंडच्या रेसच्या गाडीचं अंग! मोठा कारखाना नाही, हजारोंचं उत्पादन नाही, हातावर मोजाव्यात अशा गाड्या. पण रायगड जिल्ह्यातल्या एका शेडमध्ये हे होऊ शकलं.

आपल्या माणसाने अलिबाग पाहिलेलं नाही. त्याने मोबाइलवर नकाशे पाहिले आणि डोकं चालवलं. इंजिन कुठून घ्यायचं? मारुती ८०० स्वस्त मिळते, पण तिचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. लोटसला चालत नाही. त्याने ओमनी घेतली. ओमनीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन उभं बसतं, मागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट, मग मागचा ॲक्सल. म्हणजे पुढून मागे सगळी रांग तयार. शाळेच्या पोरांना नेणारी, भाजी वाहणारी ओमनी आतून स्पोर्ट्स कारच्या इतकी जवळ आहे, हे मला तरी त्याच्या दुकानातच कळलं.

चेसिस एक इंची चौकोनी पाइपची. नुसती शिडीसारखी नाही, तर तिरप्या पाइपांनी तिकोणं-तिकोणं भरलेली, वीज मंडळाच्या मनोऱ्यासारखी. सगळी ताकद त्या पिंजऱ्यात. वरचं अंग फक्त पांघरूण. एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये बसची बॉडी चढते तशीच ही गोष्ट आहे: खाली कंपनीची चेसिस, वर आपली बॉडी. फरक इतकाच की इथे चेसिसही आपलीच.

आता बॉडी. लोकांना वाटतं, इंजिन बसवलं की गाडी झाली, बॉडी म्हणजे वरचा मेकअप. तसं नाही. आधी थर्माकोल आणि पीओपीचं नाक घडवायचं, त्यावर लांबी, मग घासकाम, पुन्हा लांबी, पुन्हा घासकाम. काचेसारखं झालं की मेण लावायचं आणि त्यावरून साचा काढायचा. मग साच्यात मेण, जेलकोट, त्यावर फायबरची मॅट, रेझिन, ब्रशने दाबून हवा काढायची, पुन्हा मॅट. रेझिनमध्ये हार्डनर किती टाकायचा यावर सगळा खेळ. डब्यावर जे प्रमाण छापलेलं असतं ते आपल्या मे महिन्यासाठी नसतं. पंचेचाळीस डिग्रीत रेझिन डब्यातच जमतं, हातातला ब्रश तिथेच दगड. म्हणून हे लोक पहाटे चारला काम करायचे. आणि घाईने लवकर काढलेलं पॅनेल उन्हात वाकडं होतं ते वेगळंच.

पहिल्यांदा बॉनेट चेसिसवर ठेवलं तेव्हा डावीकडे फट चार मिलिमीटर, उजवीकडे बारा. दुकानातले सगळे म्हणाले, फायबर वाकलं. फायबरवाला म्हणाला, माझा साचा बरोबर आहे. शेवटी दोरी लावून चेसिसचे कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे पाहिजेत. नऊ मिलिमीटरचा फरक निघाला. वेल्डिंग एका बाजूने सलग ओढत नेलं की उष्णतेने पाइप तिकडे खेचला जातो, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पण ट्रॉलीत नऊ मिलिमीटर कोण पाहतो? आणि चेसिस तिरकी म्हणजे मागचा ॲक्सल तिरका, म्हणजे गाडी सरळ धरली तरी एका बाजूला ओढणार, ब्रेक मारला की जास्त ओढणार. बॉनेटच्या फटीने ते पकडून दिलं. त्याने पुढचा सगळा भाग कापला, जमिनीवर लोखंडी चौकट ठोकून त्यात पाइप घट्ट धरले आणि टाके देत-देत, बाजू बदलत पुन्हा जोडला. दोन महिने गेले. आता दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर आहे. रबर बसतं, बॉनेट खडखडत नाही.

मी पाहिलेल्या ‘जुगाड’ व्हिडिओंमध्ये हे कापून पुन्हा करणं कधी दिसलं नाही. व्हिडिओत दिसते ती वेगळी जात. जुनी सेडान घेतात, छप्पर कापतात, खांब कापतात, वरून लॅम्बोर्गिनीसारखं फायबर चिकटवतात, पिवळा रंग मारतात. हल्लीच्या साध्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते. छप्पर, खांब, तळ, सगळं मिळूनच त्यांचा सांगाडा असतो. खांब कापला म्हणजे घराचा बीम कापला. दिसायला गाडी लाखमोलाची आणि ठोकर बसली तर पत्र्याचा डबा. या गाडीला दहा लाख व्ह्यू. आणि जो माणूस नऊ मिलिमीटरसाठी दोन महिने घालवतो, तो म्हणतो पेपरात नका टाकू.

कायद्याच्या नजरेत दोघे सारखेच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की निर्मात्याने जे मूळ तपशील दिले त्यापेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाने बदलायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ठीक आहे. छप्पर कापणाऱ्याला हे लागलंच पाहिजे, मी त्या बाजूचा आहे.

पण जो बदलत नाही, नवीनच बनवतो, त्याचं काय? त्याला ‘निर्माता’ व्हावं लागतं. नोंदणीला फॉर्म २१ लागतो, म्हणजे विक्रीचा दाखला; फॉर्म २२ लागतो, म्हणजे प्रदूषण आणि सुरक्षेचे निकष पाळल्याचा निर्मात्याचा दाखला. तो दाखला द्यायचा तर नियम १२६ प्रमाणे नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यायची. हे नियम महिन्याला हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी लिहिले आहेत आणि त्यांच्यासाठी योग्यच आहेत. एकच गाडी बनवणाऱ्याची गंमत बघा. समोरून आदळण्याची चाचणी असते, बाजूने आदळण्याची असते. ज्याच्याकडे आयुष्यात एकच गाडी आहे त्याने ती भिंतीवर आदळवून दाखवायची, मग पास झाली तर चालवायची कोणती? शिवाय ओमनीचं जुनं इंजिन एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये कुठून बसणार? एकेक गाडी तपासून पास किंवा नापास करण्याची सोयच नाही. दार बंद आहे असंही नाही. दारच ठेवलेलं नाही.

कोणी म्हणेल, मग विंटेजमध्ये घाला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले, ‘व्हीए’ची वेगळी नंबर प्लेट, वीस हजार शुल्क, दहा वर्षांची नोंदणी. पण ते पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीसाठी. १९५७ ची दिसणारी, पण आपल्या गल्लीत तयार झालेली गाडी त्यात बसत नाही, आणि बसूही नये. संग्राहकांनी जपलेल्या अस्सल गाडीचा मान वेगळा आहे.

मला चीड येते ती दुसऱ्या गोष्टीची. २०१८ मध्ये याच केंद्राने नियम सैल केले की परदेशी कंपनीने वर्षाला अडीच हजारांपर्यंत गाड्या बाहेरून आणल्या तर त्यांची इथे पुन्हा सगळी तपासणी नको, तिकडचे निकष पाळले असले की झालं. कारण दिलं ते व्यवहाराचं: थोड्या गाड्यांसाठी एवढा खर्च परवडत नाही. बरोबर कारण आहे. पण मुंबईच्या शोरूममधल्या कोटीच्या गाडीला जे व्यवहाराचं कारण लागू होतं, ते यवतमाळच्या शेडमधल्या गाडीला का होत नाही? थोड्याचं ओझं तर त्याच्यावर जास्त आहे.

बाहेर यावर उपाय झालेले आहेत. इंग्लंडमध्ये १९९८ पासून एकेक गाडी स्वतंत्र तपासण्याची पद्धत सुरू झाली, २००९ पासून ती आणखी कडक झाली. घरी बनवलेली गाडी ठरलेल्या केंद्रावर न्यायची. परीक्षक ब्रेक मोजतो, दिवे, सीट बेल्टचे खिळे कुठे ठोकले ते पाहतो, पायी चालणाऱ्याला लागेल अशी बॉडीची धार कुठे राहिली का, हे अक्षरशः गोलाई मोजून तपासतो. धूर मोजायचा तो इंजिन ज्या काळातलं त्या काळाच्या मापाने. नापास झालात तर यादी हातात मिळते, घरी जा, दुरुस्त करा, पुन्हा या. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदाच केला: निदान पंचवीस वर्षं जुन्या गाडीसारखी दिसणारी ‘रेप्लिका’ छोट्या कंपनीने वर्षाला ३२५ पर्यंत बनवावी, तिला नव्या गाडीचे सगळे निकष नाहीत. त्यांनाही नियम लिहून अमलात आणायला २०२२ उजाडलं, म्हणजे सरकारी काम तिथेही सरकारीच. पण शेवटी आलं.

आपल्याकडे हे अशक्य आहे असं सांगणाऱ्यांनी नोंदणीचाच फॉर्म २२-अ काढून बघावा. ट्रक-बससारख्या, बॉडी वेगळी बांधलेल्या वाहनासाठी तो आहे. एक भाग चेसिस बनवणाऱ्याने भरायचा, दुसरा बॉडी बांधणाऱ्याने. म्हणजे ‘बॉडी बिल्डर’ हा माणूस कायद्याला ओळखीचा आहे, त्याच्या सहीला किंमत आहे. सीएनजी किट मान्यताप्राप्त असेल तर जुन्या गाडीत बसवून आरसीवर नोंद होते, म्हणजे बदल तपासून मान्य करणंही कायद्याला जमतं. मग हलकी, कमी वेगाची, एकच नग असलेली गाडी तपासून मान्य करायला काय हरकत?

हरकत घेणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. परिवहन खात्यात काम केलेल्या एका निवृत्त स्नेह्याशी बोललो. ते म्हणाले, “तुझा तो पोरगा प्रामाणिक आहे, मान्य. त्याच्यामागून शंभर येतील, त्यातले नव्वद छप्पर कापणारे असतील, आणि एखाद्याने शाळेच्या पोरांत गाडी घातली की तूच बातमी लावशील, आरटीओ झोपलं होतं का म्हणून.” खरं आहे, लावीन. आपल्याकडे फिटनेस सर्टिफिकेट कसं मिळतं, यावर मी स्वतः लिहिलेलं आहे, त्यामुळे यवतमाळच्या आरटीओत उद्यापासून घरगुती गाड्यांचं पासिंग सुरू करा, असं मी म्हणणार नाही. ते काम एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईच्या दर्जाच्या माणसांचं आहे, आणि नियम दिल्लीत लिहावे लागतील. आपल्या खासदारांनी हा एक प्रश्न लोकसभेत लेखी विचारला तरी सुरुवात होईल. लेखी प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

पण दिल्लीची वाट बघत बसायची गरज नसलेलं एक काम जिल्ह्यातच आहे, आणि माझ्या मते ते जास्त निकडीचं आहे. रस्त्यावर गाडी येणं हा दुसरा टप्पा. पहिला टप्पा म्हणजे बनवणारा जिवंत राहणं. फुलसावंगीत परवान्याचा प्रश्न नंतरचा होता. आधीचा प्रश्न हा होता की जिल्ह्यात एक असं ठिकाण नव्हतं जिथे तो पोरगा न घाबरता जाऊन म्हणेल, सर, एवढं बघा ना, हे टिकेल का? आपल्याकडे सरकारी आयटीआय आहेत. इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. देशभरात इंजिनिअरिंगची पोरं बाहा एसएई इंडियासारख्या स्पर्धांसाठी पाइपच्या चेसिसच्या गाड्या बनवतात. तिथे गाडी मैदानात उतरण्याआधी तांत्रिक तपासणी होते, पाइपची जाडी, वेल्डिंग, ब्रेक, आग विझवायचं साधन, सगळं. नापास झाली तर गाडी उतरतच नाही. ही तपासणी करायला जाणते मास्तर लागतात, एक यादी लागते आणि दोन तास लागतात. हेच दोन तास कॉलेजबाहेरच्या वेल्डरला का मिळू नयेत?

जिल्हा नियोजन समितीच्या निधीत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळा वाटा असतो. त्यातून काय-काय झालं, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे, आज नको. त्यातून एक शेड, लेव्हल केलेला लोखंडी प्लॅटफॉर्म, वेल्डिंगची तडा तपासायचं साहित्य, महिन्यातून दोन ठरलेले दिवस आणि आयटीआयचे निदेशक, कॉलेजचे प्राध्यापक यांचा थोडा भत्ता. मागच्या बाजूला कुंपण घातलेली दोनशे मीटरची पट्टी. तिथे आणलेल्या वस्तूसाठी कोणी चलान फाडणार नाही, एवढी लेखी हमी. परिवहन खात्याचा माणूस त्या दिवशी तिथे बसला तर अजून चांगलं; दंड करायला नाही, बघायला. रस्त्यावर नेली तर कायदा आहेच.

आणि आमच्या धंद्यातल्यांसाठी एक. अशा पोराची बातमी लावताना एक ओळ जास्त लिहायची सवय लावू: हे कोणी तपासलं. कोणीच नसेल तर तसं लिहा. व्हिडिओचे व्ह्यू थोडे कमी होतील, होऊ द्या. तुम्ही लोकांनीही शेअर करण्याआधी कमेंटमध्ये एवढं विचारलंत तरी फरक पडतो. ‘सलाम’ नंतर लिहा, आधी विचारा ब्रेक कुठला आहे.

त्या गाडीचं सध्याचं काम मागच्या ॲक्सलपाशी अडलं आहे. ओमनीचा ॲक्सल पाट्यांवर बसतो आणि गाडी अर्ध्या वजनाची झाल्यामुळे पाटे ताठ पडतात. दुकानाच्या आवारात दहाच्या स्पीडनेही मागची बाजू उड्या मारते. एक पाटा काढावा तर ॲक्सल ब्रेक मारताना वळतो. तो म्हणतो, शॉकॲब्सॉर्बर बदलून बघतो. मला वाटतं बघण्याआधी कोणाला तरी विचारावं. एसटीच्या हिंगणा वर्कशॉपमधून किंवा इथल्या डेपोतून निवृत्त झालेले, सस्पेन्शनचं काम हाताने केलेले कोणी मेस्त्री यवतमाळ, दारव्हा, आर्णी या भागात असतील तर इनबॉक्समध्ये नंबर द्या. मी नेऊन भेटवतो. चहा त्याच्याकडून, पेट्रोल माझं.